अपुऱ्या मापांतून पुरे चित्र

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यातील एखाद्या जुन्या कोळ्याला भरतीची वेळ विचारावी. तो घड्याळाकडे पाहत नाही. 'आज तिथी कोणती?' असा उलट प्रश्न करतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, हा आपल्या किनाऱ्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन पाणी चढण्याच्या आत परतणारी मंडळी याच हिशेबावर जातात.

हा हिशेब का जमतो ते आधी पाहू. चंद्र रोज आकाशात मागे पडतो आणि तीस तिथींत मिळून पूर्ण एका दिवसाने, म्हणजे चोवीस तासांनी मागे पडतो. एका तिथीला चोवीस तासांचा तिसावा भाग म्हणजे 48 मिनिटे. तोंडी गुणाकाराला सोपे म्हणून 48 ची 45 मिनिटे झाली आणि 'पाऊणपट' हा शब्द रूढ झाला. पंधरा तिथींत ही तूट पाऊण तासाची होते; म्हणूनच पौर्णिमेला गुणाकाराने सव्वाअकरा येत असले तरी जाणता माणूस 'बारा' असेच सांगतो. हिशेबाची चूक कोठे आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला तो हिशेब खरा कळला असे समजावे.

या साध्या गुणाकाराकडे निराळ्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दिवसभर पाण्याची उंची सतत बदलत असते. ती पुरी जाणून घ्यावयाची तर दर तासाला, दर मिनिटाला मोजावी लागेल. येथे मात्र तिथी हा एकच आकडा हाताशी घेऊन दिवसभराच्या चढउताराचा ठाव लागतो. इतक्या थोड्या मापात इतके ज्ञान आले कोठून? ते मापातून आलेले नाही. समुद्र कसा वागतो याची जी ओळख आधीपासून होती, तिच्यातून आले. गेल्या वीस-बावीस वर्षांत गणितात या प्रश्नाची एक नवी शाखा उभी राहिली आहे. तिला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात. मराठीत 'मोजतानाच केलेला संक्षेप' असे म्हणता येईल. रूढ नियमाने जितकी मापे घेतली पाहिजेत त्यापेक्षा पुष्कळच कमी मापे घेऊन मूळ संकेत किंवा चित्र जसेच्या तसे परत मिळवणे, हा तिचा विषय. कलाशाखेच्या वाचकांनी गणिताचे नाव ऐकून पान उलटू नये. आपल्याला बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे फारसे जावे लागणार नाही.

प्रथम रूढ नियम. समजा, एका हौशी माणसाने बंदरावर खांब रोवला, त्यावर खुणा केल्या आणि तो रोज बरोबर दुपारी बारा वाजता पाण्याची पातळी लिहू लागला. पौर्णिमेला त्याला भरती दिसेल. अष्टमीला भरती सहाची, म्हणून बाराला ओहोटी दिसेल. अमावास्येला पुन्हा भरती. महिनाभराची वही पाहून तो सांगेल की, समुद्राचे पाणी पंधरा दिवसांतून एकदा चढते आणि एकदा उतरते. वहीतला एकही आकडा खोटा नाही, तरी निष्कर्ष साफ खोटा आहे. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. ज्या गतीने गोष्ट बदलते त्या मानाने मापे फार दूरदूर, आणि तीही ठरावीक अंतराने घेतली की जलद लाट मंद लाटेचे सोंग घेऊन येते.

हे सोंग टाळण्याचा नियम अमेरिकेतील क्लॉड शॅनन याने 1949 साली स्पष्ट शब्दांत मांडला. त्याआधी नायक्विस्टने 1928 साली आणि रशियात कोतेल्निकोव्हने 1933 साली याच विचाराची मांडणी केली होती. नियम असा की, संकेतातील सर्वांत जलद लाटेच्या एका आवर्तनात दोहोंपेक्षा जास्त मापे घ्यावीत. समुद्राची मुख्य लाट सुमारे साडेबारा तासांची. तेव्हा निदान सहा-सहा तासांनी तरी खांबाकडे गेले पाहिजे. माणसाच्या कानाला ऐकू येणारा सर्वांत उंच स्वर सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांचा, म्हणून संगीताच्या तबकडीवर सेकंदाला 44,100 मापे नोंदली जातात. टेलिफोन, छायाचित्रे, रुग्णालयातील यंत्रे हे सर्व व्यवहार याच नियमावर उभारलेले आहेत.

नियम खरा आहे, पण तो अत्यंत सावध माणसाचा नियम आहे. संकेताविषयी 'याहून जलद लाट नाही' एवढेच ठाऊक असेल तर तो लागू पडतो. याहून अधिक काही ठाऊक असेल तर?

भरतीविषयी अधिक ठाऊक आहे. लॉर्ड केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की, कितीही गुंतागुंतीची दिसली तरी भरती ही थोड्याशा नियमित लाटांची बेरीज असते. चंद्राची मुख्य लाट 12.42 तासांची, सूर्याची बरोबर 12 तासांची, आणि दिवसातून एकदा येणाऱ्या दोन लाटा सुमारे 23.93 व 25.82 तासांच्या. चंद्र व सूर्य यांच्या लाटा एकत्र आल्या की उधाण, एकमेकींना छेदू लागल्या की भांग. या चार मोठ्या लाटा; मग लहानसहान आणखी काही. मुंबईत अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत, आणि हिंदुस्थानातील बंदरांची कोष्टके काढण्यासाठी 1879 साली लंडनमध्ये वीस लाटांची बेरीज करणारे एक यंत्रच बनवण्यात आले. कप्प्या आणि दोरी यांचे ते यंत्र वर्षभराची भरती कागदावर रेखून देई. भारताची भरती-कोष्टके आजही सर्वेक्षण खाते दरवर्षी प्रसिद्ध करते.

आता हिशेब करा. वर्षाचे तास 8,760. दर तासाची पातळी म्हणजे 8,760 आकडे. पण चार लाटा गृहीत धरल्या तर प्रत्येकीची उंची व तिची वेळ असे दोन-दोन अज्ञात, आणि सरासरी पातळी हा नववा. नऊ अज्ञातांना तत्त्वतः नऊ चांगली मापे पुरतात. वर्षाचे चित्र 8,760 आकड्यांचे दिसते खरे, पण त्याच्या पोटात नऊच आकडे लपलेले आहेत. प्रत्यक्षात वारा, पाऊस, खांबावरच्या खुणा वाचण्यातील गफलत यांमुळे मापे बरीच जास्त घ्यावी लागतात. तरी ती हजारांत घ्यावी लागत नाहीत.

येथवर नवे काही नाही, कारण कोणत्या लाटा आहेत हे खगोलशास्त्राने आधीच सांगून ठेवले आहे. खरी अडचण पुढे येते. समजा, लाटा थोड्याच आहेत एवढेच माहीत आहे, पण हजारो शक्य लाटांपैकी नेमक्या कोणत्या, ते माहीत नाही. अशा स्थितीत थोडी मापे पुरतील काय? या प्रश्नाचे 'होय' हे उत्तर 2004 ते 2006 या काळात मिळाले. कॅलिफोर्नियातील इमॅन्युएल कँडेस, त्याचे सहकारी जस्टिन रोंबर्ग व टेरेन्स ताओ, आणि स्वतंत्रपणे स्टॅनफर्डचे डेव्हिड डोनोहो यांनी ते सिद्ध केले. डोनोहोंची शंका मोठी मार्मिक होती. कॅमेरा लाखो बिंदूंची मापे घेतो आणि छायाचित्र साठवताना त्यातील बहुतेक माहिती टाकून देतो; डोळ्याला फरकही कळत नाही. मग जे टाकूनच द्यायचे ते मुळात मोजायचे कशाला?

उत्तराला दोन अटी आहेत. पहिली विरळपणाची : योग्य भाषेत लिहिला असता संकेतात बिनशून्य आकडे थोडेच असावेत. दुसरी अट मापे कशी घ्यावीत याविषयी आहे, आणि ती ऐकताना प्रथम विचित्र वाटते. मापे ठरावीक अंतराने घेऊ नयेत, विस्कळीत घ्यावीत. आपल्या बंदरावरच्या हौशी माणसाकडे परत जाऊ. त्याने बाराचा नेम सोडून एके दिवशी पहाटे पाचला, दुसऱ्या दिवशी सव्वातीनला, मग दोन दिवस खाडा करून रात्री नऊला अशी मापे घेतली असती, तर पंधरा दिवसांची सोंगाडी लाट त्या आकड्यांवर बसलीच नसती. नेमाने घेतलेल्या मापांत खरी लाट आणि तिचे सोंग हुबेहूब सारखे दिसतात. अनियमित मापांत सोंगाचे शेकडो तुकडे होतात आणि खरी लाट तेवढी ठळक उरते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेल्या नियमितपणाला गणिताने दिलेला हा बहुधा एकमेव धक्का असावा.

मापे मिळाली, आता त्यांतून उत्तर कसे निवडावे? मापे कमी आणि अज्ञात जास्त असले की उत्तरे अगणित होतात. शाळेत आपण म्हणत असू की, दोन अज्ञातांना एक समीकरण पुरत नाही. लहानसे उदाहरण घ्या. दोन संख्या आहेत. पहिलीत दुसरीची दुप्पट मिळवली तर 6 येतात. जुनी रीत अशी की, ज्या जोडीच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान ती निवडावी. तशी जोडी 1.2 आणि 2.4 ही आहे. म्हणजे दोन्ही संख्या शिल्लक राहिल्या; विरळपणा काही मिळाला नाही. आता वर्ग न करता नुसत्या आकारांची बेरीज सर्वांत लहान करून पाहा. 1.2 व 2.4 यांची बेरीज 3.6, पण 0 व 3 यांची अवघी 3. ही रीत 0 आणि 3 निवडते, म्हणजे एक संख्या आपोआप शून्य झाली. वर्गांची रीत ओझे सर्वांत वाटून टाकते, साध्या बेरजेची रीत ते एकाच्या खांद्यावर ठेवते. हजारो अज्ञात असले तरी ही बेरजेची रीत, विरळ उत्तर अस्तित्वात असल्यास आणि मापे पुरेशी विस्कळीत असल्यास, जवळजवळ निश्चितपणे तेच उत्तर काढते. ही रीत भूकंपशास्त्रातले लोक 2004 च्या कितीतरी आधीपासून अनुभवाने वापरीत होते. ती का चालते याची सिद्धता नव्हती.

महाराष्ट्रातील एक अलीकडचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 2020 साली कोरोनाच्या साथीत तपासणीची सामग्री कमी आणि नमुने फार अशी ओढाताण होती. अनेक नमुने एकत्र मिसळून तपासण्याची कल्पना जुनी. रॉबर्ट डॉर्फमन याने ती 1943 साली सैनिकांच्या रक्ततपासणीसाठी मांडली होती. पण तीत मिश्रण बाधित निघाले की त्यातील प्रत्येकाची पुन्हा तपासणी करावी लागे. पवईच्या आय.आय.टी.तील मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टॅपेस्ट्री' नावाची पद्धत तयार केली. तीत प्रत्येक नमुना तीन निरनिराळ्या मिश्रणांत घालतात, आणि कोणता कोठे घालावयाचा याची मांडणी गणिताने आधी ठरवलेली असते. एका मांडणीत 105 नमुन्यांना 45 मिश्रणे, तर दुसरीत 961 नमुन्यांना 93. बाधित थोडे असतील तर दुसऱ्या फेरीची गरज न पडता ते ओळखता येतात, कारण तपासणीचे यंत्र नुसते 'आहे-नाही' सांगत नाही; विषाणूचे प्रमाण किती याचाही अंदाज देते. 45 मापांतून 105 अज्ञात काढणे, ही आपली बंदरावरचीच गोष्ट झाली. तिथे थोड्या लाटा, इथे थोडे बाधित. साथ पसरून बाधितांचे प्रमाण वाढले, की विरळपणा गेला आणि पद्धतही गेली.

दुसरे उदाहरण याहून भव्य आहे, आणि तेही घाटमाथ्यावर आपल्याला एका दिवसात जाऊन येण्याजोगे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या भागात दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात. 25 किलोमीटर व्यासाची एकच तबकडी बांधता आली असती तर आकाशाचे जितके बारीक चित्र मिळाले असते, तितके बारीक चित्र या तीस तबकड्यांतून काढावयाचे आहे. त्या कल्पित तबकडीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग येथे नाहीच; तेथे ज्वारीची शेते आणि गावे आहेत.

तीस तबकड्यांच्या जोड्या 435 होतात. प्रत्येक जोडी आकाशातील चित्राचा एक तरंग मोजते; जवळची जोडी जाड तरंग, दूरची बारीक. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा पालटतात आणि काही तासांत आणखी तरंग हाती लागतात. पृथ्वीच्याच फिरण्याचा असा उपयोग केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी रूढ केला; त्यांना 1974 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही बरेच तरंग न मोजलेले राहतात, आणि जे मिळाले त्यांची नुसती बेरीज केली तर प्रत्येक ताऱ्याभोवती खोट्या कड्यांचे आणि पट्ट्यांचे जाळे दिसते. ते काढण्याची युक्ती यान हॉगबॉम याने त्याच 1974 साली दिली. चित्रातील सर्वांत तेजस्वी बिंदू शोधावा, त्याच्या भोवतीच्या जाळ्यासह त्याचा थोडासा भाग वजा करावा, मग उरलेल्यातील तेजस्वी बिंदू शोधावा, आणि असे शेकडो-हजारो वेळा करीत जावे. या रीतीचे नावच 'क्लीन', म्हणजे झाडलोट. आकाश बहुतांशी काळे आहे आणि प्रकाशित बिंदू थोडे आहेत, या विश्वासावर ती चालते. पुढे तीस वर्षांनी जे सिद्ध झाले ते खगोलशास्त्रज्ञ आधीच करून बसले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंदरावर संकेत लाटांच्या भाषेत विरळ आहे आणि आपण तो वेळेच्या भाषेत मोजतो. खोडदला आकाश बिंदूंच्या भाषेत विरळ आहे आणि मोजणी तरंगांच्या भाषेत होते. उलटसुलट असली तरी दोन्हीकडे युक्ती एकच. ज्या भाषेत गोष्ट थोडक्यात सांगता येते, त्याहून अगदी वेगळ्या भाषेत ती मोजावी. म्हणजे प्रत्येक मापात तिचा थोडाथोडा अंश उतरतो. आकाशात एकेक ठिकाण धुंडाळत बसलो तर बहुतेक मापे काळोखाचीच निघतील.

रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्रही तरंगच मोजते. म्हणून 2007 च्या सुमारास मायकेल लस्टिग आणि डोनोहो प्रभृतींनी ही रीत तेथे नेली, आणि आता अनेक यंत्रांत ती बसवलेली असते. लहान मुलाला यंत्रात निश्चल पडून राहणे किंवा हृदयरोग्याला वारंवार श्वास रोखणे किती कठीण, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मिनिटे वाचण्याचे मोल सांगायला नको.

मात्र येथेच खबरदारीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. थोड्या मापांतून मिळालेले चित्र अर्धे मापांचे आणि अर्धे आपल्या गृहीताचे असते. गृहीत चुकले तर चित्र अस्पष्ट होत नाही. ते स्वच्छ, रेखीव आणि चुकीचे होते. हा धोका जुन्या पद्धतीत इतका नव्हता. जुने अपुरे चित्र धूसर दिसे, आणि धूसर चित्रावर कोणी फार भरवसा ठेवीत नाही.

आपल्या किनाऱ्याला याचा अनुभव आहे. 3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या दिवसाची भरती कोष्टकात छापलेली होती आणि चंद्रसूर्यांपुरती ती खरीही होती. वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेले पाणी मात्र कोणत्याही कोष्टकात नसते, कारण ते त्या मोजक्या लाटांपैकी नव्हे. ते कळण्यासाठी त्या दिवशी, त्या तासाला खांबाकडे पाहणारा कोणी लागतो.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा पूर्वेतिहास याच मुद्द्याला धरून आहे. मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेत (आपला जिल्हा 1981 पर्यंत ज्या नावाने ओळखला जाई ते कुलाबा नव्हे) पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मापे 1846 पासून घेतली जात होती. निरीक्षक तासातासाला उपकरणाकडे जाऊन डोळ्यांनी वाचन करीत. शांत दिवशी चुंबकत्व इतके सावकाश बदलते की तासाचे अंतर पुरेसे होते. 2 सप्टेंबर 1859 रोजी मात्र सूर्यावरील मोठ्या स्फोटाचे वादळ पृथ्वीवर आदळले आणि कुलाब्याचे माप थोड्या वेळात सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी घसरून पुन्हा चढले. ही संख्या आपल्याला मिळाली याचे कारण एवढेच की, काही विपरीत घडते आहे हे पाहून निरीक्षकांनी तासाचा नेम सोडला आणि पंधरा-पंधरा, काही वेळा पाच-पाच मिनिटांनी वाचने घेतली. 2003 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. त्या खोल घसरणीचे नेमके कारण काय यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत, पण वाद घालायला आकडे तरी आहेत.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने मापे बिघडतील म्हणून अलिबागला 1904 साली नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापे घेतली गेली. एकच गोष्ट दोनदा मोजण्याचा हा खर्च त्या वेळी कोणाला अनावश्यक वाटला असेल. पण त्यामुळे 1846 पासूनची मालिका न तुटता पुढे चालली. आज अलिबागची उपकरणे मिनिटामिनिटाला नोंद करतात, शांत दिवशीसुद्धा.